उतारा

तिसऱ्या रेल्वे गेटाच्या अलीकडं वळा नि कुणालाही विचारा,
नवे प्लॉट कुठं म्हणून.
पंच्याहत्तर वर्षं होऊन गेली, तरी नवेच.
अनगोळच्या म्हाताऱ्या तर अजून म्हणतात,
"आमच्या शेतात राहता न्हवं तुम्ही?"

शेतच होतं. बासमतीचं.
वडील सांगायचे, चुना टाकून रस्ते आखले
तेव्हा एका कडेला लोंब्या तशाच उभ्या होत्या,
आणि पहिल्या वर्षी संध्याकाळी पायरीवर बसलं की
भात शिजल्याचा वास यायचा, चूल पेटायच्या आधी.
मला कधी आला नाही. मी त्रेपन्नची.

लढाई संपल्यावर आलेली माणसं ही.
सुभेदार परशराम नाकाडी, डाव्या कानानं बहिरे,
उजव्यानं फक्त रेडिओ ऐकायचे.
रेशन खात्यातले तवनाप्पा हुद्दार,
ज्यांच्याकडं दिवेलागणीआधी भांडी घासून पालथी पडायची.
कायतान मिनेझिस, मालगाडीचा गार्ड,
हिरवा कंदील घेऊनच परसात जायचा.
आणि बसलिंगप्पा मास्तर,
शाळेत कन्नड शिकवून घरी आले की
कुंपणावरनं मराठीत विरजण मागायचे.
प्रत्येकी साडेतीन गुंठे. हप्ता सतरा रुपये.

कॅम्पात पलटणीच्या उरल्यासुरल्याचा लिलाव झाला,
सोसायटीनं काटेरी तार घेतली, वजनावर.
कुठल्या आघाडीवर जाणार होती कोण जाणे,
ती आमच्या कोथिंबिरीभोवती बसली.
काडतुसांच्या पेटीत नाकाडीकाकूंचे पापड.
तारेला धडपा अडकून फाटला की आई म्हणायची,
"मेली ती लढाई."

कोपऱ्यावर पाटी होती. यल्लाप्पा पेंटरनं रंगवलेली.
मग राज्य बदललं, तीही बदलली,
मग खाली एक, वर एक,
मग एका रात्री तिला काळं फासलं.
फासायलाही यल्लाप्पाच होता.
शिडी त्याची होती.
सकाळी मास्तर नि वडील पाटीखाली बराच वेळ उभे,
काही बोलले नाहीत.
त्या दिवशी विरजण मात्र मी नेऊन दिलं,
मागायची वाट न बघता.

आणि दर जुलैत पाणी.
हुद्दारांच्या स्वयंपाकघरातनं शिरायचं,
आमच्या मोरीवरनं मिनेझिसच्या पपईपर्यंत,
जुन्या पाटाच्या वाटेनं, तिरकं.
त्याला सोसायटीचा नकाशा कुणी दाखवलाच नव्हता.

आता नऊ नंबरला चार मजले झालेत, खाली पार्किंग.
पाया खणताना जेसीबीच्या दातांत तारेचं भेंडोळं आलं,
पोरं म्हणाली, काय हे?
सांगितलं असतं, पण जेवायची सुट्टी संपली त्यांची.

गेल्या महिन्यात उतारा काढायला गेले.
कागद कन्नडात. अक्षरं मला लागतात, पण सावकाश,
गर्दीत चालल्यासारखी.
मास्तरांचा नातू विरूपाक्ष बरोबर होता, त्यानं बोट ठेवलं:
विठोबा रामजी कंग्राळकर. वडिलांचं नाव बरोबर होतं.
क्षेत्र बरोबर.
मग जमिनीचा प्रकार, तिथं तो थांबला.
"भत्तद गद्दे," म्हणाला. आणि हसायला लागला.
"म्हणजे आजी, भत्त म्हणजे..."
"कळलं रे," म्हटलं. "भात."

बिनशेतीची नोंद कुणी केलीच नव्हती.
नाकाडींचा बहिरा कान, मिनेझिसचा कंदील,
आमची लग्नं, बारशी, तीन रंगांतली ती पाटी,
कागदावर सगळं भाताच्या शेतात उभं,
गुडघाभर पाण्यात.

उतारा म्हणजे कागद.
तिठ्यावर तिन्हीसांजेला ठेवतात तो दहीभातही उताराच.
ओलांडू नये म्हणतात, वळसा घालून जावं.

कारकून म्हणाला, दुरुस्ती होते, अर्ज द्या,
अडीचशे रुपये फी, दोन फोटो.
अर्ज भरून ठेवलाय, कपाटात, पत्रिकांखाली.
पावसाळा होऊन जाऊ दे,
मग देईन म्हणते.