उंडी, कृष्णधवल

निवतीच्या सोसायटीत डिझेलच्या कुपनासाठी
रांगेत होतो, तेव्हा पाहिला.
बर्फाच्या दरपत्रकाशेजारी, खिळ्याला तिरका,
इनास फर्नांडिसने काढलेला उंडीचा फोटो.

आमचीच उंडी. जेटीकडे वळताना उजव्या हाताची.
तिच्या बुंध्याला सायकल टेकवून
बारा वर्षं जाळी सांधली मी,
आणि ती मला ओळखू आली नाही.

तिचा हिरवा काढून घेतलेला.
निळी ताडपत्री, नायलॉनची नारिंगी दोरी,
कुणाचा तरी वाळत घातलेला टॉवेल,
सगळं राखेत जमा.
उरलंय ते नुसतं वाकणं:
वाऱ्याकडे पाठ, एक खांदा वर,
डोक्यावर ओली टोपली असल्यासारखी.

आणि खाली, ढोपराएवढ्या उंचीवर,
होड्यांच्या दोरखंडांनी खाल्लेली खाच.
तिच्यात इतका काळोख
की मी बोट घालायला गेलो.
काचेवर ठसा उमटला, माशाच्या तेलाचा.

"किती लिटर व्हये?" खिडकीतून आवाज.
"वायच थांब," म्हटलं.

परतताना सायकल टेकवली नाही.
हातात धरून उभा राहिलो तिच्यासमोर.
पानं फारच हिरवी होती.
सारखी मध्ये येत होती.