स्टेपलर

पंधरा दिवसांची रोपं, दोन-दोन पानांची.
एकेका पानावर
रोगट झाडाचं पान दुमडून ठेवायचं
आणि ऑफिसच्या स्टेपलरनं टक्.

पहिल्या वर्षी वाटायचं, टोचत असेल.
नगीनभाई म्हणायचे, शिर्केबेन, पिना मोजून वापरा,
ऑडिटवाले विचारतात
शेतात एवढे कागद कुठले?

त्या पिवळट पानात कोळी असतात,
डोळ्यांना न दिसणारे,
कोळ्यांच्या पोटात तो आजार,
ज्यानं तूर जगते, दाट होते
नि फुलत नाही.
नाव दोन्ही भाषांत एकच: वांझ.
मी रकान्यात नुसतं 'वां.' लिहिते.
खुरपणीला येणाऱ्या मंछाबेनला वाचता येतं.

तिसरा वाफा विश्वामित्रीनं नेला.
चौथ्यातली रोपं निराळी.
त्यांची पणजी जुवानसिंग राठवानं आणली
जांबुघोड्याच्या उतारावरून, बिडीच्या बंडलाच्या कागदात.
वेल कसली, गवताला मिठ्या मारणारी काटकी.
शेंग बोटाच्या पेराएवढी, केसाळ,
पिकली की तडकून दाणे उधळते
मालकाला न विचारता.
दाणा काळा, चपटा.
घरी नेऊन शिजवून पाहिला होता मी.
तीन शिट्ट्या, पाच, नऊ.
कुकर दमला.

तिचा पराग चिमट्यानं घेतला,
आमच्या तुरीच्या मिटल्या कळीला लावला,
देठाला लाल दोरा.
मग लेकीला परत तुरीशीच जोडलं,
नातीला परत तुरीशीच.
दर पिढीला रान निम्मं होतं:
पीळ सुटतो, लव जाते, तडकणं जातं,
दाणा फुगतो, गोरा होतो.
रावलसाहेब म्हणतात, एकच जनुक हवं आपल्याला,
बाकी सगळं धुऊन काढायचं.

आमचं घराणं गायकवाडांच्या पागेबरोबर बडोद्यात आलं,
त्याला पिढ्या किती, कुणी मोजल्या नाहीत.
घरात भांडण गुजरातीत होतं.
आमटीत गूळ इतका, की सोलापूरची आत्या
पहिला घास घेऊन पाणी मागते.
माझी मुलगी मराठी बोलते
देवापुढे आणि मांजरीशी.

आज शंभरावा दिवस.
एक ते छप्पन्न: फिकट, दाट, मुकी.
वां., वां., वां.
सत्तावन्नचं ते पान कधीच गळलं,
पीन बुडाशी मातीत, गंजलेली.
आणि वर शेंड्याजवळ
एक पिवळी कळी, पाठीवर तांबड्या रेघा.

नगीनभाईंना हाक मारायला तोंड उघडलं होतं,
मिटलं.
शेंग धरू दे आधी.
बोट फिरवून पाहीन
लव कुठे राहिलीय का.
राहिली असली
तर ते रजिस्टरात लिहायचं का,
बघू.