बारा किलो

हर्णैच्या लिलावाचा हिशेब मी लिहिला:
होडीचं नाव ही किल्ली, वजन हे मूल्य.
कागदावर सोपंच होतं.

सहाला दोन काटे एकदम बोलले.
दोन थ्रेडनी 'फातिमाबी'चा आकडा वाचला, चाळीस.
एकाने बारा मिळवले, दुसऱ्याने नऊ.
बावन्न लिहिले,
त्यावरच एकोणपन्नास.
बारा किलो सुरमई
कुणीही न चोरता गेली.

"बोक्यान न्हेलीन काय?"
इकबाल तांडेल विचारताना हसला नाही.

मग अख्ख्या वहीलाच कुलूप घातलं.
एक लिहितोय, बाकीचे ताटकळत,
रांग जेटीपर्यंत,
पाट्यांतून बर्फाचं पाणी वाळूत.
रात्री उठून कप्पे पाडले,
ज्याचं त्याला कुलूप:
'फातिमाबी' अडली तरी 'दर्यासारंग' पुढे जावी.

आता आकडे जुळतात. बहुतेक.
मोजणी चालू असताना नवी होडी आत शिरली
की अजून अडखळतं.

रजनी पावसे ओल्या वाळूवर फतकल मारून बसते,
दर पाटीला दोऱ्यात एक गाठ.
तीस वर्षं एकही गाठ हरवलेली नाही.
मी किती वेळ तिचं कुलूप शोधत होतो.

दोरा एकच.
त्याला तिच्याशिवाय कुणी हात लावत नाही.