अडतिसावा खण

पूर्णा जंक्शनच्या आर.एम.एस. हापिसात
सदतीस खण होते, सदतीस चिठ्ठ्या:
सेलू, मानवत रोड, मुदखेड, हिंगोली…
अडतिसाव्याला चिठ्ठी नव्हती.
तिथं दस्तगीरमामू जेवणाचा डबा ठेवत
आणि डब्यामागं
ज्यांचं कुठंच जमत नाही अशी पत्रं.

मी नवा. रात्रपाळी.
मनमाडकडची पॅसेंजर लेट.
फलाटावर चहावाला गारठ्यानं नुसतीच किटली वाजवीत होता,
तेव्हा ते निळं पाकीट हाती आलं.
तिकिटावर डोंगर, एक पक्षी,
आणि एका देशाचं नाव,
जो आमच्या छापील यादीत नव्हता.
यादी दोनदा पाहिली. बोट लावून पाहिली.
पत्ता मात्र चोख:
शिवकांता मुंजाजी वाव्हळ,
मु. पो. आखाडा बाळापूर.
पोरगा वेल्डर. पाइपलाइन जोडत जोडत
कुठल्या कुठं गेलेला.

नियम मला पाठ होता.
अनोळखी तिकिटाला किंमत नाही,
पाकीट बिनतिकिटी समजावं,
टी-चा शिक्का मारावा
आणि दुप्पट पैसे तिच्याकडून घ्यावेत
जिनं पत्र लिहिलेलंच नाही.

मामूंनी चष्मा कपाळावर चढवला.
"नक्शे में नै तो क्या हुआ,
खत तो लिख्या ना किसीने?"

मग थैलीला सुतळी आवळता आवळता सांगू लागले.
अब्बा निजामाच्या टपालात होते.
एका सप्टेंबरात पाच दिवसांत राज्य गेलं,
पुढं तिकिटंही नुसते रंगीत कागद झाली.
तिकडं पॅरिसला मोठ्या टेबलावर
आपला विषय मांडलेला होता म्हणे,
पुढच्या तारखेवर, मग त्याच्या पुढच्या.
इकडं आधी मार खाल्लेली आळी पेढे वाटत होती,
नंतर मार खाल्लेली आळी कड्या लावून बसली होती,
आणि अब्बा
दोन्ही आळ्यांत पत्रं वाटत फिरत होते.

मामूंनी टी-चा शिक्का उचलला,
फुंकर मारली, परत ठेवला.
नोंदवहीत देशाच्या रकान्यात लिहिलं:
आहे.

महिन्याभरानं इन्स्पेक्टर आले, विचारलं,
हा कोणता देश?
मामू म्हणाले, साहेब, माझं अक्षरच खराब.

परवा टीव्हीवर पाहिलं.
त्याच डोंगरवाल्या मुलखाला
जगाच्या टपाल-संघात खुर्ची हवी होती.
मत नको. नुसती खुर्ची, मागच्या रांगेत,
पत्रांच्या दराबद्दल दोन वाक्यं बोलण्यापुरती.
एका बेटाची बाई उठून त्यांच्या बाजूनं बोलली,
फार नीट बोलली,
बेटाचं नाव मी पहिल्यांदाच ऐकलं.
मोठे देश घड्याळ बघत होते.
आपली पाटी मी लांबून ओळखली.
पाटीमागच्या माणसाचा हात
टेबलावरच होता, पाण्याच्या ग्लासापाशी.
तटस्थ, असं निवेदिका म्हणाली
आणि पाऊसपाण्याच्या बातम्या लागल्या.

मी त्याला नावं ठेवत नाही.
त्याच्याही पुढ्यात छापील यादी असेल.
त्या रात्री मी पण
शिक्का हातात धरून उभाच होतो की.

एक राहिलं.
शिवकांताबाईंनी उलट पत्र टाकलं होतं,
बहुतेक शाळेतल्या पोरीकडून लिहून घेतलेलं,
मोठी मोठी अक्षरं, ओळी खाली घसरलेल्या.
तिकडं जाणारी थैलीच नव्हती.
मामूंनी ते डब्यामागं ठेवलं.
कुणीतरी कधीतरी हात वर करील,
असं काही ते म्हणाले नाहीत,
नुसतं ठेवलं.

पुढं मामू गेले. हापीस बंद झालं,
कपाट भंगारवाल्यानं नेलं.
अडतिसावा खण मी रिकामा केला:
डब्याचं एक झाकण, सुतळीचा गुंडा,
आणि हे.

घरीच आहे माझ्याकडं. फोडलं नाही.
तिकीट आपलंच आहे,
खरं,
पूर्ण किमतीचं.