पोंग्यातली मोजणी

मी माणसं मोजायला आलो होतो.
सप्टेंबरचा दुसरा आठवडा, देद्झाचे डोंगर करपलेले,
फक्त ओढ्याकाठच्या ओल्या पट्टीत
गुडघाभर मका.
एटिलिदा तिथे वाकलेली. मान वर न करता म्हणाली,
"थांब. माझी मोजणी तुझ्याआधी सुरू झालीय.
नाव काय तुझं?"
"विटनेस."
"मग बघत उभा राहा."

मी टॅब्लेट मिटला.
(बॅटरीही वाचवायची होती, अजून अकरा घरं बाकी.)

पाच जागा. दर जागी दहा ताटं.
दोन बोटांनी पोंगा उकलायचा,
बाळाचा कान बघतात तसा, उजेडाकडे कलवून.
आत ओल्या भुशासारखी घाण,
आणि तिच्याखाली पाठमोरी, फुगलेली
लष्करी अळी.
शेपटीकडे चार ठिपके, चौकोनात.
"एक," ती म्हणायची, आणि नखाखाली चिरडायची.
"इथे नाही. इथेही नाही. दोन."

मी विचारलं, सरळ फवारत का नाही?
"पन्नासात दहा भरले, की पंप.
आधी मारलं तर गांधीलमाश्या मरतात,
त्या माझ्याकडे बिनपगारी आहेत.
उशीर केला तर ही खोल जाऊन बसते,
वर आपल्याच विष्ठेचं बूच लावते,
औषध पानांवरून ओघळून जातं
आणि पैसेही."
पंप फायनेसचा आहे, वर्गणीतला.
तो मागायला जायचं तर आकडा पक्का हवा.

शेवटच्या ताटापर्यंत नऊ झाल्या.
नऊ.
ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली,
जसं कोणी बाजारात एका नाण्याने कमी पडावं.

"तोवर तुझं विचार," म्हणाली.
घरात किती जण झोपले त्या रात्री?
तिने बोटं मिटली. आठ.
मग थबकली. "लुसुंगूला सातवा लागलाय."
पोटातलं धरत नाहीत, मी म्हणालो. नियम आहे.
"कुणाचा?"
मला सांगता येईना. वरचा, म्हणालो.

ती काही बोलली नाही.
शेवटच्या ताटाचं पान हलकेच उलटं केलं.
मागच्या बाजूला करडी लव,
कापूस चिकटावा तशी,
आणि लवेखाली अंडी. शंभर असतील, दीडशे असतील.
"ही जन्मलेली नाहीत," एटिलिदा म्हणाली,
"पण जेवायला बसणारच.
मी धरते.
दहा."

मग तोंडाला चितेंजेचा फडका बांधून
ती पंप आणायला गेली,
वाऱ्याची दिशा बघत, मुलांना हाका मारून पांगवत,
कोंबड्या कोंडायला सांगत.
मी रकान्यात आठ भरले.
हिरवी खूण आली. पुढे जा, म्हणाली ती खूण.

संध्याकाळपर्यंत अकरा घरं झाली,
एकूण चौसष्ट तोंडं.
प्रत्येक घरी चुलीवर न्सिमाचं भांडं होतं,
प्रत्येक भांड्यात ढवळणारा हात.
मला मात्र मक्याचं पीठ दिसत नव्हतं आता,
दिसत होते उकललेले पोंगे,
एकेक, वाकून, उजेडाकडे कलवून बघितलेले.

मुक्कामी पोचल्यावर वहीच्या मागच्या पानावर
पेन्सिलीने लिहिलं,
जे कुठल्याच रकान्यात बसत नाही:
एटिलिदाच्या घरी अजून एक.
पोंग्यात.