विल्कू

कुओपिओत उणे अठरा. गॅरेजातल्या हीटरची धग
फक्त गुडघ्यांपुरती.
वेइक्कोने नट काढला, तरी
जुन्या साबचं स्टिअरिंग हलेना.
शिवी हासडल्यावर सुटलं.

आत प्लॅस्टिकचं तुटकं नख.
म्हणूनच वळण सरलं तरी
दिवा लुकलुकत राहायचा
आणि शेजारून हेल्वी, स्वतःचं बोलणं न तोडता,
‘विल्कू’ म्हणायची. एकोणीस वर्षं.

हिरवी, काळी-पांढरी... ही तपकिरी कुठली?
जुन्या स्विचशी ताडून एकेक वायर जोडली.

चाक फिरवलं, सोडलं.
टक्.
दांडी आपली आपण सरळ.

पुन्हा फिरवलं. या खेपेला चाक परतताना
दांडी बोटाने धरून ठेवली.
दारातल्या बर्फावर पिवळा उजेड
येत राहिला, जात राहिला.
शेजारच्या सीटवर
स्क्रूंची बशी.