मधली पट्टी

कुंभारजुव्यात, पियेदाद बायच्या स्वयंपाकघरात
मी गुडघ्यांवर बसलोय. हातात टेप.
समोर शाबा मेस्तने केलेलं कपाट.
चौकटीच्या आतल्या अंगाला पटाशीने कोरलेलं साल: १९८६.

किंदळाची चौकट. दोन बोटं रुंद पट्ट्या,
कुसू खोबणीत असा बसलेला
की नखसुद्धा शिरत नाही.
पितळी बिजागऱ्या काळवंडल्यात, पण दार ढकललं
की एकदा कुरकुरतं
आणि थांबायचं तिथेच थांबतं.
ह्या दारांना मी पॉलिशपेपर घासलाय.
वय बारा. मजुरी एक लिंबूसोडा, दोन शिव्या.

आता मी बिनचौकटीची कपाटं बसवतो.
म्हापशाहून खोकी येतात,
कापलेली, भोकं पाडलेली, कडांना पट्टी चिकटवलेली.
सगळा भार बाजूच्या फळीवर,
अठरा मिलिमीटर.
बिजागरी आत लपलेली.
कोणी कोणाला धरलंय ते दिसत नाही,
लोकांना हेच आवडतं.

पर्वरीच्या एका फ्लॅटमधलं दार
चार वर्षांत हातात आलं,
स्क्रूला भुसा घेऊन,
किडका दात यावा तसं.
मालक म्हणाला, चौकट असती तर?
मी म्हटलं, भुशाला चौकट लावली तरी तो भुसाच.
सिंकखालचा पाइप सहा महिने गळत होता, हेही सांगितलं.
स्वस्तातला बोर्ड त्याने निवडला तेव्हा
मी गप्प बसलो होतो,
ते नाही सांगितलं.

पियेदाद बाय स्टुलावर कोलंबी सोलतेय.
विचारते, मेस्ता, नवें तगतलें मरे?

उत्तर द्यायच्या आधी मी चौकटीमागे हात घालतो.
हात जातो.
जातच राहतो.
बाजूची फळी आहे, पण रंगाच्या थराएवढी;
बोट टेकवलं की वाळवीची माती सांडते.
पाठ नाही. तळ नाही.
बश्या कधीपासून
चिऱ्याच्या ओट्यावरच टेकल्यात.
चौकट मात्र ओळंब्यात. गुण्या लावून बघितला,
चारी कोपरे काटकोन.

शाबा म्हणायचा,
चौकट असली की खोक्याचं वाकडेपण झाकतं.
तेव्हा मला ती कारागिरी वाटली होती.
बिनचौकटीच्या कपाटाला ही सोय नाही.
जमीन केसभर खचली
तरी दोन दारांमधली फट लगेच चुगली करते.

बाय उठते, हात पुसते,
सोरपोतेलचा मोठा टोप आणून दाखवते.
काठाला पोचा.
समोर मधल्या उभ्या पट्टीवर
त्याच काठाने पाडलेली खाच,
माझ्या कुठल्याही पटाशीपेक्षा गुळगुळीत.
अडतीस वर्षं तिने टोप तिरका करून आत घातला.
एकदा शाबाला म्हणाली होती, ही पट्टी काप.
तो म्हणाला, बाय, हिच्यावरच तर सगळं उभं आहे.

मी तिचा हात धरून चौकटीमागे नेला.
थोडा वेळ ती काहीच बोलली नाही.
मग कोलंबीच्या वासाचे हात कपाळाला लावून
इतकी हसली की मांजर उठून बाहेर गेलं.

कागदावर मी लिहिलं:
मरीन प्लाय. पाठ बारा मिलिमीटर, सहाची नको.
पाय पोलादी, जमिनीपासून चार इंच.
भिंतीपासून दोन बोटं मोकळं.
मधली पट्टी नाही.
पाइप आधी दुरुस्त.
आणि तगतलें ह्या शब्दापुढे
वर्षं लिहायला जागा सोडली,
ती तशीच ठेवून सही केली.

चौकट उतरवताना एकही सांधा सुटला नाही.
चार जणांनी अख्खी उचलून अंगणात नेली,
भिंतीला टेकवली. तिच्यातून आता
केळीचं झाड दिसतं, दोन भागांत.

नवं कपाट लागलं त्या संध्याकाळी
बायने टोप उचलला.
समोर आडवं यायला काहीच नव्हतं.
तिने तो तिरका केला
आणि आत घातला.